तापल्यावर रुसणारे इंजिन

सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होणारे वाहन दुपारी प्रवासात थोडे थांबवले, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर ते काही केल्या दाद देत नाही. अर्धा-पाऊण तास गेला की तेच वाहन काहीच घडले नाही अशा थाटात चालू लागते. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांना हे दुखणे चांगले परिचित आहे. त्यातली मोठी अडचण ही की, ते वैद्यापुढे सहसा प्रकट होत नाही. वाहन दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात नेले की ते थंड असते आणि निर्दोष असल्यासारखे वागते. मग कारागीर अंदाजाने एखादा भाग बदलतो, मालक पैसे मोजतो, आणि पुढच्या दुपारी रस्त्यावर तोच प्रसंग उभा राहतो. हिवतापाच्या रोग्याचे रक्त ताप चढलेला असताना तपासावे, असे जुने डॉक्टर सांगत. तापलेल्या इंजिनाच्या बाबतीतही रोगनिदानाचे मर्म हेच आहे. दोषाचा पुरावा उष्णता असेतोवरच टिकतो, आणि तो तेवढ्या वेळातच गोळा करावा लागतो.

या विषयाचा विचार जबलपूरच्या संदर्भात करणे विशेष उचित ठरते. मोटारी बांधण्याचा आणि त्या दीर्घकाळ चालत्या ठेवण्याचा वारसा या शहराला लाभला आहे. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' हा लष्करी ट्रक १९५९ पासून प्रथम याच कारखान्यात तयार होऊ लागला. पुढे १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली आणि 'जोंगा' ही दणकट गाडी जबलपूरचे नाव घेऊन देशभर फिरली. जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांची अक्षरे जुळवून हे नाव बनले. जपानच्या निसान पेट्रोल या गाडीच्या धर्तीवर घडवलेल्या जोंगाला सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन होते. लष्कराने निवृत्त केलेल्या अनेक जोंगा लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या आणि हौशी मालकांनी त्या जपल्या.

घमापूर ही याच शहरातली जुनी वस्ती. येथून रांझीकडे जाणारा रस्ता कारखान्यांच्या भागाकडे जातो. मे महिन्यात येथे दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाणे नित्याचेच. अशा वेळी नागपूरहून सिवनी, लखनादौन या मार्गाने आलेली एखादी जुनी जोंगा किंवा अँबेसिडर घमापूरच्या चौकात चहापाण्यासाठी थांबावी आणि निघताना तिने हटून बसावे, यात नवल काहीच नाही. मात्र तिच्या हटून बसण्याचे कारण एकच असते असे नाही, आणि कारण ओळखल्यावाचून केलेला उपाय बहुधा वाया जातो.

इंजिन चालू असताना सुरळीत असते, मग थांबल्यावरच का रुसते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. इंजिन बंद केल्याबरोबर ते थंड होऊ लागते अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः चालत्या इंजिनावरून पंख्याचा वारा वाहत असतो, पाण्याचा पंप उष्णता रेडिएटरकडे नेत असतो, आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्ब्युरेटरला थोडे थंड ठेवीत असते. चावी बंद होताच हे तिन्ही प्रवाह एकदम थांबतात. परंतु कित्येक मण लोखंडात साठलेली उष्णता कोठे जाणार? ती हळूहळू वर आणि भोवती पसरते. सरळ रांगेच्या पुष्कळ जुन्या इंजिनांत धूर बाहेर नेणारी तप्त नळी आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला, जवळजवळ असतात. त्यामुळे थांबल्यानंतरची काही मिनिटे बॉनेटखालची हवा चालत्या गाडीतल्यापेक्षाही अधिक तापते. पाच मिनिटांत सुरू होणारी गाडी पंधराव्या मिनिटाला का अडते आणि तासाभराने पुन्हा का चालते, याचा उलगडा येथे होतो.

आता निदानाकडे वळावे. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी लागतात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिळाली पाहिजेत, आणि सिलिंडरात दाब निर्माण झाला पाहिजे. उष्णता या चारांपैकी कोणत्याही एकीला बाधा आणू शकते. गाडी थंड झाल्यावर चालू झाली, एवढ्यावरून यांतली कोणती बाधा होती हे ठरत नाही, कारण थंडाव्याने चारही दोष सारखेच झाकले जातात. म्हणून गाडी अडलेली असतानाच, क्रमाने, एकेका गोष्टीची परीक्षा करावी.

पहिली परीक्षा कानांनी होते. चावी फिरवल्यावर 'सेल्फ' कसा आवाज देतो ते ऐकावे. इंजिन जडपणे, कण्हत फिरत असेल किंवा नुसताच टक् असा आवाज येत असेल, तर पेट्रोलकडे पाहण्याचे कारण नाही. दोष विजेच्या मार्गात आहे. तांब्याच्या तारेचा विरोध तापमानाबरोबर वाढतो. साठ अंशांनी तापलेल्या तारेत तो जवळजवळ चौथ्या हिश्श्याने अधिक होतो. नवी, जाड आणि स्वच्छ जोडणी एवढी वाढ सहन करते. गंजलेली जोडणी, झिजलेले बुश आणि धुराच्या नळीशेजारी भाजून निघालेली सेल्फ मोटर यांना ती पेलवत नाही. बारा व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन फिरवताना तिचा दाब साधारण साडेनऊच्या खाली घसरू नये. बॅटरीवर दाब टिकून असतानाही इंजिन जड फिरत असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी दोषी समजावी. पुष्कळदा नवी बॅटरी घेऊनही गाडी सुधारत नाही ती एवढ्याशा गंजलेल्या पट्टीमुळे. ठिणगीची वेळ फार आधी लावलेली असली तरीही गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देते आणि ते जड वाटते, हेही ध्यानात ठेवावे.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर दुसरी परीक्षा ठिणगीची. एक जादा प्लग जवळ ठेवावा. तो एका प्लगच्या तारेला जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या लोखंडाला पक्के टेकवावे आणि कार्ब्युरेटरपासून दूर ठेवावे. आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून दुसऱ्या माणसाला चावी फिरवण्यास सांगावे. प्लग हातात धरू नये. ठिणगी निळसर आणि ठसठशीत दिसली तर प्रज्वलनाची व्यवस्था बहुतांशी निर्दोष मानावी. ती पिवळट, क्षीण किंवा अदृश्य असेल तर कॉईल आणि कंडेन्सर या दोघांवर संशय घ्यावा.

कॉईल म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. बारा व्होल्टच्या दाबातून ती कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण करते. वेढ्यांमधले आवरण जुने झाले की थंडपणी ते तग धरते आणि तापल्यावर प्रसरणाने फाकते. मग वीज प्लगपर्यंत न जाता आतल्या आतच निसटते. येथे दोन फसवे समज टाळले पाहिजेत. कॉईल हाताला गरम लागते म्हणून ती बिघडली असे म्हणता येत नाही, कारण चांगली कॉईलही गरम होतेच. तसेच साध्या मीटरने तिचा विरोध बरोबर दिसला म्हणून ती निर्दोष ठरत नाही, कारण मीटरचा दाब थोडा आणि प्रत्यक्ष कामातला दाब हजारो पटींनी मोठा. खरी कसोटी म्हणजे त्याच तापलेल्या क्षणी खात्रीची, थंड कॉईल जोडून पाहणे. कंडेन्सरचेही तसेच. तो निकामी झाला की डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांवर मोठ्या ठिणग्या उडून ते जळके, खडबडीत होतात आणि प्लगच्या वाट्याला काही उरत नाही. मात्र दोन्ही भाग एकदम बदलू नयेत. गाडी सुरू होईल खरी, परंतु दोष कोणाचा होता हे कळणार नाही.

ठिणगी चांगली असेल तर तिसरी परीक्षा पेट्रोलची, आणि उन्हाळ्यात बहुतेक प्रकरणे याच दारी येऊन थांबतात. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके अंश ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर जड अंशांना २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. म्हणजे जबलपूरच्या दुपारी हलके अंश हवेच्या उष्णतेनेच उकळण्याच्या बेतात असतात. त्यांना इंजिनाचा शेजार मिळाला की वाफ होण्यास वेळ लागत नाही. ही वाफ दोन अगदी विरुद्ध प्रकारांनी अडचण करते, आणि दोहोंचे उपायही विरुद्ध आहेत.

पहिला प्रकार उपवासाचा. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत किंवा पंपात वाफेचा फुगा अडकतो. पंप द्रव ढकलण्यासाठी घडवलेला असतो. वाफ मात्र दाबली की आकसते आणि सोडली की पसरते, त्यामुळे पंप हलतो पण पेट्रोल पुढे सरकत नाही. इंजिनावर बसवलेला जुना यांत्रिक पंप, ज्याला कारागीर 'एसी पंप' म्हणतात, टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते त्याचे कारण हेच. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले असेल तर हा दाब आणखी घटतो. म्हणून अडलेल्या गाडीचे झाकण उघडून पाहणे ही क्षणाची परीक्षा आहे. हवा सूं करून आत शिरली आणि गाडी चालू झाली, तर दोष एका छिद्राचा होता.

दुसरा प्रकार अजीर्णाचा. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून जेटांतून खालच्या नळीत ओघळते आणि इंजिनात पेट्रोलच पेट्रोल होते. हवा कमी पडून मिश्रण पेटत नाही, प्लग भिजतात. अशा वेळी घाबरलेला चालक चोक ओढतो आणि ॲक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबतो. प्रत्येक दाबाबरोबर तो आणखी पेट्रोल आत ओततो.

हे दोन प्रकार वेगळे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन फिरत नसताना हवेच्या गाळणीचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडापासून चेहरा दूर ठेवून आत पाहावे आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदाच हलवावा. बारीक धार उडताना दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. धार मुळीच न दिसली तर बहुधा वाटी कोरडी आहे आणि इंजिन उपाशी आहे. उलट आत ओल असेल, पेट्रोल ठिबकत असेल, उग्र वास येत असेल आणि काढलेला प्लग भिजलेला निघाला, तर अजीर्ण समजावे. या पाहणीच्या वेळी जवळपास विडी, सिगारेट किंवा शेगडी असू नये, हे चहाच्या टपरीशेजारी थांबलेल्या गाडीबाबत मुद्दाम सांगावे लागते.

अजीर्ण असेल तर चोक पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. हवेचा भरपूर झोत आत जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते आणि इंजिन पेट घेते. उपवास असेल तर बॉनेट उघडे ठेवून पंपावर आणि नळीवर ओले फडके गुंडाळावे. ओल्या फडक्याचा हा उपाय भारतीय रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. बाष्पीभवनाने पंप थंड होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल बनते. शिवाय ही परीक्षाही आहे. फडक्याने तीन-चार मिनिटांत गाडी चालू झाली, तर दोष पंपाच्या परिसरातच आहे याला बळकटी येते. मात्र तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. बिडाचे लोखंड एकाएकी आकसून तडकू शकते. रेडिएटरचे झाकणही गरमपणी उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून भाजण्याचा धोका असतो.

कायमचे उपाय खर्चाचे नाहीत. कार्ब्युरेटरच्या पायाखाली उष्णता अडवणारी जाड चकती, धुराच्या नळीवर पत्र्याची ढाल, पेट्रोलची नळी उष्ण भागापासून दूर नेणे आणि वाटीतील पेट्रोलची पातळी ठरल्याप्रमाणे ठेवणे, एवढ्याने बरेच काम होते. जरूर पडल्यास टाकीजवळ विजेचा पंप बसवतात. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. त्यामुळे नळीतला दाब घटत नाही आणि उकळण्याची प्रवृत्तीही कमी होते.

अलीकडच्या काळात या प्रश्नात एका गोष्टीची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलच्या हलक्या अंशांशी मिसळल्यावर ते मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती काहीशी वाढवते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पंपातले पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या नळ्या नव्या मिश्रणाला टिकणाऱ्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. चिरलेली नळी पेट्रोल बाहेर गाळते, हवा आत घेते, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी आगीचे कारणही होऊ शकते. गाडी न चालण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

ठिणगी आहे, पेट्रोलही बेताचे आहे, तरी इंजिन दाद देत नाही, तर चौथी परीक्षा दाबाची. झडपा तापल्या की लांब होतात. त्यांच्यासाठी राखलेली फट फार कमी असेल तर गरमपणी झडप पुरती मिटत नाही आणि दाब निसटतो. अशा वेळी सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरल्यासारखा ऐकू येतो. दाबमापकाने एकदा थंड आणि एकदा गरम इंजिनाची नोंद घेतली की फरक उघड होतो. डिझेलच्या गाड्यांत ठिणगी नसल्याने दुसरी परीक्षा गळते आणि इंधनाच्या पंपाला महत्त्व येते. पंपाचे आतले भाग झिजलेले असतील तर तापून पातळ झालेले डिझेल फटींतून परत निसटते आणि सेल्फच्या मंद गतीत पुरेसा दाब तयार होत नाही. येथेही पंपावरचे ओले फडके साक्ष देते.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही, पॉइंटही नाहीत. इंधन दाबाखाली थेट फवारले जाते आणि इंजिनाची गती, तापमान यांची खबर संवेदक देतात. तरीही इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा संवेदक गरमपणी मुका होण्याचा विकार या गाड्यांनाही होतो. साधने बदलली, परंतु फिरणे, ठिणगी, इंधन आणि दाब हा प्रश्नांचा क्रम तोच राहिला आहे.

या साऱ्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. साधा मीटर, एक जादा प्लग, खात्रीची एक कॉईल, एक कंडेन्सर, सुती फडके आणि पाण्याची बाटली, एवढे गाडीत असले म्हणजे पुरे. त्याबरोबर एक छोटी वही असावी. गाडी किती वाजता थांबवली, किती मिनिटांनी अडली, सेल्फचा आवाज कसा होता, ठिणगी दिसली का, कार्ब्युरेटरमध्ये धार होती का, आणि कोणत्या एका उपायाने ती सुरू झाली, हे त्यात लिहावे. पुढे गाडी कारागिराकडे न्यायची ती भर दुपारी, तापलेली अशीच न्यावी, आणि त्याच्या दारात पंधरा मिनिटे उभी करून मग चावी फिरवावी. घमापुरातला असो वा नागपुरातला, अनुभवी कारागीर ही नोंद वाचून आणि तो आवाज स्वतः ऐकून जे निदान करील, ते थंड गाडीवर केलेल्या दहा दुरुस्त्यांनी साधणार नाही. जोंगासारखी जी वाहने आता पुन्हा बनणार नाहीत, त्यांचे मूळ भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. त्यांतला एकही चांगला भाग केवळ संशयावरून काढून टाकला जाऊ नये, यासाठी हे पंधरा मिनिटांचे थांबणे सोसण्यासारखे आहे.